जुन्या गोल्फ कोर्सचं रिस्टोरेशन: कोटेशनमधल्या कोणत्या ओळीला पैसे द्यावेत

क्लबच्या कमिटीपुढे रिस्टोरेशनचं कोटेशन येतं तेव्हा त्यात चार वेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. जुने नकाशे आणि फोटो शोधून जमिनीची मोजणी करणं, त्यावरून आराखडा काढणं, मग ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) आणि बंकर (वाळूचे खड्डे) यांची प्रत्यक्ष बांधणी, आणि शेवटी गवत लावून कोर्स खेळण्याजोगा करून देणं. रकमेचा मोठा हिस्सा तिसऱ्या कामाचा, म्हणून चर्चा तिथेच रंगते. घासाघीस मात्र पहिल्या कामावर होते, कारण कागद चाळायला आणि जमिनीत नळी खुपसायला एवढे पैसे कशाला, असं वाटतं. आमचं मत अगदी उलट आहे. या सेवेतलं सगळ्यात मोलाचं काम पहिलंच. ते नीट झालं नसेल तर पुढची बांधणी कितीही उत्तम असो, हाती येतो तो नवा कोर्स.

मुंबईत हा प्रश्न खराखुरा आहे. आज अस्तित्वात नसलेल्या रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ ची, विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. हे परीक्षण यांपैकी कोणत्याही एका क्लबचं किंवा एका कंपनीचं नाही. शंभरीच्या आसपास आलेल्या कोर्सला ही सेवा घ्यायची झाली, तर मुंबईच्या जमिनीत आणि मुंबईच्या पावसात त्यातून काय पदरात पडतं, एवढंच इथे तपासलं आहे.

कोर्स कुणी मुद्दाम बदलला नाही तरी बदलतो. ग्रीनच्या कडेने मोवर (गवत कापायचं यंत्र) वळवताना माळी शेवटची पट्टी जरा आत घेतो, कारण बाहेर गेला तर कॉलरचं, म्हणजे ग्रीनभोवतीच्या पट्ट्याचं, उंच गवत खरवडलं जातं. वर्षाला बोटभर आत, असं करत कोपरे गोल होत जातात. १३ मीटर त्रिज्येचं ग्रीन चहूबाजूंनी फक्त १ मीटर आत सरकलं, तर ५३० चौरस मीटरचं ४५० होतं. २ मीटर सरकलं तर ३८०, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त ग्रीन गेलं. आणि जातात ते नेमके कोपरे, बंकरच्या पाठीशी लपलेले, जिथे कप, म्हणजे चेंडू घालायचं भोक, लावला की खेळाडूला दोनदा विचार करावा लागतो. एकेकाळी ग्रीनला चिकटून असलेला बंकर मग तीन-चार मीटर दूर, कुणाच्याही वाटेत न येणारा खड्डा होऊन बसतो.

दुसरा बदल वाळूचा. बंकरमधून मारलेल्या प्रत्येक चेंडूबरोबर थोडी वाळू कडेवर पडते आणि काही दशकांत तिथे वरंबा तयार होतो. ज्या बाजूने पाणी ग्रीनवरून सहज उतरायचं, ती बाजू या वरंब्याने बंद होते. त्यात टॉपड्रेसिंगची, म्हणजे ग्रीनवर वरून पसरतात त्या वाळूची, भर: वर्षाला ३ मिलिमीटर धरलं तरी ८० वर्षांत २४ सेंटिमीटर. चढउतार बुजतात, ग्रीन बशीसारखं होतं, आणि जुलैत त्या बशीत पाणी साठतं. म्हणून जुना आकार परत आणणं ही नुसती हौस नाही. ज्या काळी ग्रीनच्या पोटात पाइप नव्हते, त्या काळी बांधणाऱ्याने सगळं पाणी उतारावरून काढून दिलेलं असतं. तो उतार परत मिळाला की निम्मं ड्रेनेज आपोआप परत मिळतं.

आता ती पहिली सेवा. हत्यार साधं आहे: टी आकाराच्या मुठीची, साधारण २० मिलिमीटर व्यासाची पोकळ नळी. ग्रीनच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला १६ रेषा आखायच्या आणि प्रत्येक रेषेवर आजच्या कडेच्या आतबाहेर दर अर्ध्या मीटरवर नळी खुपसून मातीचा गाभा बाहेर काढायचा. जुन्या ग्रीनच्या हद्दीत गाभा वाचता येतो. वर टॉपड्रेसिंगच्या वाळूचे फिकट थर, मध्ये कुजलेल्या मुळांच्या बारीक काळ्या रेघा, आणि खाली मूळ माती. हद्दीबाहेर नळी थेट मातीला किंवा मुरमाला लागते. वाळूचा थर ज्या अर्ध्या मीटरमध्ये संपतो, तिथे जुनी कड होती. तिथे छोटा झेंडा रोवायचा, सगळे झेंडे पाण्याच्या पाइपने जोडून आकार डोळ्यांनी तपासायचा, आणि मग तो टोटल स्टेशन या मोजणी-यंत्राने मोजून नकाशावर घ्यायचा.

इथे एक चूक वारंवार होते. बंकरमधून उडालेली वाळूही हद्दीबाहेर सापडते आणि घाईत तिलाच ग्रीन समजलं जातं. फरक ओळखता येतो. उडालेली वाळू भरड असते आणि तिच्यात थर नसतात, टॉपड्रेसिंगमध्ये ते असतात. गाभ्यांचे फोटो क्रमांकासह द्या, अशी अट सुरुवातीलाच घालावी. जो फोटो देत नाही, त्याने नळी किती वेळा खुपसली हे कळायला मार्ग नाही. एका ग्रीनला ६५ ते ८० गाभे लागतात आणि दोन सराईत माणसांचा एक पूर्ण दिवस जातो. वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची साधावी. एप्रिलमध्ये जमीन इतकी घट्ट होते की नळी आत जात नाही, आणि जुलैत ओला गाभा नळीतच निसटतो.

या पद्धतीची मर्यादाही आहे. मधल्या काळात ग्रीन पूर्ण खणून नव्याने बांधलेलं असेल, तर नळीला काहीच सापडत नाही. प्रामाणिक सल्लागार अशा ग्रीनपुढे ‘फक्त फोटोंवरून’ असं स्पष्ट लिहितो. कोर्सच्या अठराच्या अठरा ग्रीनची जुनी कड सापडली असं अहवाल सांगत असेल, तर गाभ्यांचे फोटो दोनदा बघावेत.

कागदांचं काम याला समांतर चालतं. क्लबचे वार्षिक अहवाल, कमिटीच्या इतिवृत्तांच्या वह्या, आणि विशेषतः बक्षीस समारंभांचे फोटो. हातात चषक घेतलेल्या माणसाच्या मागे बंकरची कड दिसते, आणि कधी कधी तोच एकमेव पुरावा असतो. नाले आणि हद्दीसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे, सरकारी पत्रव्यवहारासाठी काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. जुन्या फोटोवरून माप काढायचं तर न हललेल्या खुणा लागतात: क्लबहाउसचा कोपरा, विहीर, कंपाउंडची भिंत. अशा किमान चार खुणा जुळल्याशिवाय फोटोवरून काढलेलं माप मान्य करू नये. गूगल अर्थवरच्या जुन्या प्रतिमा झाडं कशी वाढली हे पाहायला उपयोगी, मूळ आराखड्यासाठी मात्र त्या फारच अलीकडच्या आहेत.

‘मूळ’ म्हणजे कोणत्या सालचं, हे करारात आकड्याने लिहून घ्यावं. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर २ चं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. डोनाल्ड रॉस यांनी आखलेला हा कोर्स १९०७ मध्ये सुरू झाला आणि १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यात सुधारणा करत राहिले. २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स-रचनाकारांनी तो पूर्वरूपावर आणला. त्यासाठी त्यांनी १९०७ कडे न जाता १९४३ चे हवाई फोटो आधाराला घेतले. फेअरवेच्या (ग्रीनकडे जाणारी कापलेली हिरवळ) मधोमध गाडलेला जुना पाण्याचा पाइप सापडला, त्यावरून फेअरवेची मध्यरेषा ठरली. सुमारे ३५ एकर हिरवळ काढून तिथे वाळू आणि रानगवत परत आणलं, स्प्रिंकलर १,१५० वरून ४५० वर आले, आणि २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन स्पर्धा तिथे लागोपाठच्या आठवड्यांत खेळली गेली. १९०७ हेच साल धरलं असतं तर ग्रीनही वाळूचंच करावं लागलं असतं, कारण तिथे गवताचं ग्रीन १९३० च्या दशकाच्या मध्यात आलं. आपल्याकडेही जुन्या कोर्सवर गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूची ‘ब्राउन’ असायची. ती कुणाला परत नको आहेत. म्हणून ‘ओरिजिनल डिझाइन’ एवढ्याच शब्दांवर सही करू नये. सालही लिहावं आणि त्या सालचा पुरावा कोणता तेही लिहावं.

आराखड्याच्या टप्प्यावर एकाच गोष्टीवर भांडावं, ती म्हणजे उतार. चेंडू ग्रीनवर किती फूट घरंगळतो हे मोजणारं साधन एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये तयार केलं. त्याआधीची ग्रीन मंद होती, म्हणून बांधणाऱ्यांनी ४-५ टक्के उतार निर्धास्तपणे दिले. आज सभासदांना १० फुटांचा वेग हवा असतो, आणि त्या वेगाला ३ टक्क्यांहून जास्त उतारावर कप लावणं अवघड. मग सल्लागार उतार सपाट करतो आणि त्यालाच रिस्टोरेशन म्हणतो. आमच्या मते वेग ८ ते ८.५ फुटांवर आणावा आणि उतार राखावा. पावसाळ्यात हायब्रिड हरळी ३ मिलिमीटरवर कापली तर ती उघडी पडते, तेव्हा ४.५ ते ५ मिलिमीटरच ठेवावं लागतं आणि वेग तसाही उतरतो. प्रत्येक ग्रीनचा रंगीत उतार-नकाशा मागावा, आधीचा आणि नंतरचा: २ टक्क्यांपर्यंत, २ ते ३, ३ ते ४, आणि त्यावर. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की किती सपाट केलं हे लपत नाही.

बांधणीबाबत मात्र जुन्याचा आग्रह सोडावा. आकार जुना हवा, पोट नवं हवं. त्या काळी आजूबाजूची माती ओढून ढीग करायचा, त्यालाच ग्रीनचा आकार द्यायचा, की झालं. ज्या शहरात २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तिथे चिकण मातीच्या पोटावर आजची वर्दळ आणि आजची कापणी टिकत नाही. मुळांना हवा मिळत नाही, शेवाळ धरतं, आणि सप्टेंबरपर्यंत ग्रीन पातळ होतं.

यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या शिफारशी इथे उपयोगी पडतात. तयार पृष्ठापासून ४०० मिलिमीटर खाली तळ खणायचा, आणि त्या तळाला वरच्या पृष्ठाचेच चढउतार द्यायचे, २५ मिलिमीटरच्या आत. तळात चर काढून १०० मिलिमीटरचे छिद्रांचे पाइप, दोन ओळींत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, पाइपला किमान अर्धा टक्का उतार. त्यावर १०० मिलिमीटर धुतलेली बारीक खडी आणि त्यावर ३०० मिलिमीटर मुळांचा थर, म्हणजे मुळं वाढतात ते रेतीचं मिश्रण. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला खडी ५० घनमीटर, म्हणजे सुमारे १८ ब्रास, चरांची वेगळी. मुळांच्या थराचं मिश्रण १५० घनमीटर आणि दबण्यासाठी १५ टक्के जास्त, म्हणजे सुमारे ६१ ब्रास. पाइप १२५-१३० मीटर. कोटेशनमधले आकडे याहून बरेच कमी असतील, तर थर पातळ होणार आहे.

खणण्याआधी ग्रीन १ मीटरच्या जाळीवर मोजलेलं असलंच पाहिजे. जेसीबीचा पहिला घास पडला की जुना चढउतार गेला, तो पुन्हा मिळत नाही.

खरी अडचण रेतीची आहे. ०.२५ ते १ मिलिमीटरच्या दाण्यांचं प्रमाण किमान ६० टक्के हवं, गाळ ५ टक्क्यांच्या आत, चिकण माती ३ टक्क्यांच्या आत. बांधकामाच्या बाजारात सहज मिळते ती क्रश सँड. तिचे दाणे टोकदार आणि भुकटी भरपूर, त्यामुळे ती दबून फरशीसारखी होते. खाडीच्या रेतीत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. नदीची धुतलेली, चाळलेली रेती महाग पडते आणि तिचा स्रोत कायदेशीर आहे याची कागदपत्रं लागतात. चाळणी-चाचणीचा अहवाल नमुन्याचा एकदाच घेऊन थांबू नये. प्रत्येक ग्रीनसाठी उतरलेल्या मालाचा वेगळा घ्यावा, कारण नमुना एक आणि डंपरमध्ये दुसरंच, हे या व्यवहारात सर्रास घडतं. कोकोपीट मिसळणार असतील तर ते धुतलेलं आहे का आणि त्यात क्षार किती, हेही तपासावं.

मिश्रण बाहेर, फरसबंद जागेवर करून आणावं. ग्रीनवरच रेती पसरून वर कोकोपीट टाकून फावड्याने उलथलं, तर थर राहतात आणि पाणी प्रत्येक थरावर अडतं. थराची जाडी कमीजास्त असेल तर पातळ जागी ग्रीन ओलं आणि जाड जागी कोरडं पडतं. कारण असं की बारीक दाण्यांचा थर भरड खडीवर बसला की तळाशी काही पाणी धरून ठेवतो. ते पाणी सगळीकडे सारख्याच उंचीपर्यंत राहतं, त्यामुळे ३०० ऐवजी २०० मिलिमीटर असलेल्या जागी ते मुळांच्या जवळ येतं. खडी आणि मिश्रण यांच्यामध्ये कापड घालायचा प्रस्ताव नाकारावा. बारीक कण त्यावर साचून ते बंद होतं. ग्रीनच्या कडेला मात्र वाळू आणि शेजारची माती यांच्यामध्ये प्लास्टिकची उभी पट्टी हवीच, नाहीतर कोरड्या दिवसांत माती वाळूतलं पाणी ओढून घेते आणि ग्रीनची कड तपकिरी पडते.

परदेशी सल्लागाराच्या नकाशात हमखास सुटते ती गोष्ट म्हणजे पाणी शेवटी जातं कुठे. १०० मिलिमीटर पावसात एका ग्रीनवर ५०,००० लिटर पाणी पडतं. मुंबईत भरतीच्या वेळी नाले तुंबतात, आणि पाइपचं तोंड नाल्याच्या भरतीच्या पातळीखाली असेल तर पाणी उलटं ग्रीनच्या पोटात शिरतं. खाडीजवळ ते खारंही असतं. तोंडाची पातळी भरतीच्या दिवशी, भर पावसात मोजलेली हवी, आणि तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप हवी.

बंकरचं थोडक्यात. जुन्या फोटोत वाळू उभ्या भिंतीवर चढवलेली दिसत असेल, तर मुंबईत ती प्रत्येक मोठ्या सरीनंतर खाली येते आणि येताना लाल मुरूम बरोबर आणते. तशी भिंत हवीच असेल तर खाली अस्तराचा खर्च धरावा, तळाला १०० ते १२५ आणि भिंतीला ५० ते ७५ मिलिमीटर वाळू. गवताची भिंत आणि सपाट तळ असा पुरावा असेल, तर काम सोपं, टिकाऊ आणि स्वस्त.

झाडांविषयी सावध राहावं. अमेरिकेतल्या ओकमाँटने हजारो झाडं काढून जुना मोकळेपणा परत आणला, हे उदाहरण सादरीकरणात दाखवलं जातं. इथे १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरतात. शिवाय चेंबूरसारख्या भागात जुनं झाड तोडून ग्रीनचा कोपरा मिळवणं आम्हाला पटत नाही. परवानगी घेऊन पूर्वेच्या फांद्या विरळ केल्या तर सकाळचं ऊन मिळतं, आणि हरळीला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. जिथे पुरत नाही तिथे तो कोपरा सोडून द्यावा आणि अहवालात तसं लिहावं.

गवत आणि वेळापत्रक हे एकच काम आहे. पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो. तिथून पुढच्या पावसापर्यंतचे आठ महिने आपले. दसरा-दिवाळीच्या सुमारास जुनं गवत मारायला घ्यावं, कारण एका फवारणीत हरळी मरत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा फुटते, तेव्हा दुसरी, आणि लागली तर तिसरी. फवारणी परवाना असलेल्या माणसाकडूनच. हा टप्पा उरकला नाही तर देशी हरळी आणि लव्हाळा कडेने नव्या ग्रीनमध्ये घुसतात आणि दोन वर्षांत ठिगळं दिसू लागतात. डिसेंबर-जानेवारीत खोदाई आणि पाइप, फेब्रुवारीत खडी आणि मिश्रण, मार्चच्या सुरुवातीला लावणी. टिफड्वार्फ किंवा टिफईगल या हायब्रिड हरळीच्या जाती बियांनी येत नाहीत, कांड्या लावाव्या लागतात, आणि त्या एकाच खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्याव्यात. उन्हाळ्यात ८ ते १२ आठवड्यांत ग्रीन भरतं. लावणी एप्रिलअखेरीस गेली तर मुळं धरायच्या आत पाऊस येतो आणि मिश्रण वाहून जातं. तसं होणार असं दिसलं तर ते ग्रीन पुढच्या वर्षावर टाकावं. एका हंगामात सहा ग्रीन हा मुंबईसाठी रास्त वेग आहे. अठराही एका हंगामात करून देतो म्हणणाऱ्याच्या वेळापत्रकात मार्च महिना कुठे बसतो, ते विचारावं. पाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणी असेल तर क्षारांची चाचणी दर महिन्याला. क्षार जास्त निघाले तर पास्पालम गवताचा विचार करावा, ते खारं पाणी जास्त सोसतं.

आमचे गुण असे: शोध आणि मोजणीला दहापैकी नऊ, आणि कोर्सचं बाकी काही करायचं नसलं तरी एवढी सेवा घ्यावी, कारण निम्म्या ग्रीनवर फक्त मोवरची रेषा हळूहळू बाहेर नेऊन जुना आकार मिळतो. आराखड्याला सहा, कारण सपाट करण्याचा मोह सुटत नाही. बांधणीला सात, तेही चाचणी-अहवाल हातात असतील तरच. गवत लावून देण्याला पाच, कारण ठेकेदार मे महिन्यात हिरवं ग्रीन दाखवून निघून जातो.

म्हणून पैशाची अट अशी असावी. शोधकामाचं वेगळं बिल, आणि ते पुरं झाल्याशिवाय बांधणीची वर्क ऑर्डर नाही. बांधणीचे हप्ते ग्रीननुसार, प्रत्येक हप्त्याआधी तळाची मोजणी, पाइपमधून पाणी सोडून घेतलेली चाचणी आणि रेतीचा अहवाल. शेवटचे १५ टक्के ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवावेत. तेव्हा प्रत्येक ग्रीनवर पाच ठिकाणी कप कापायच्या हत्याराने गाभा काढावा: मुळं किती खोल गेली, मिश्रणात हवेअभावी काळा थर धरला आहे का, वास येतो का. आणि नकाशावरची जुनी कड पुन्हा आखून मोवरची रेषा तिच्यावरच चालते आहे का, ते टेपने मोजावं.